पेढे उचल आधी

पेढ्यांचा पुडा टेबलावरून उचल आधी. पिशवीत घाल. वाकू नकोस, नमस्कार नंतर. पंख्याखाली बस, पाणी पी. आता मी बोलणार आणि तू ऐकणार. मध्ये "पण बाई" म्हणायचं नाही.

डॉक्टर व्हायला कॅरिबियन बेटावर चाललास. कॉलेजचं नाव दोनदा विचारलं, दोन्ही वेळा वेगळं सांगितलंस. तिसऱ्यांदा मोबाईल काढून वाचून दाखवलंस. साडेपाच-सहा वर्षं जिथे काढायची, त्या जागेचं नाव तुला पाठ नाही. कधी सुरू झालं? "दोन-तीन वर्षं झाली." दोन की तीन? गप्प. पहिली तुकडी बाहेर पडली? "अजून नाही." म्हणजे त्या कॉलेजात शिकून डॉक्टर झालेला एकही माणूस आज जगात नाही. हे लक्षात आलं नव्हतं असं मला सांगू नकोस. मी विचारलं तेव्हा तू खिडकीबाहेर बघितलंस. आलं होतं लक्षात. आणि तरी तू पेढे घेऊन आलास.

अरे, आपण मनमाडची माणसं. या गावाने पंधरा-वीस दिवसांनी येणाऱ्या नळावर वर्षानुवर्षं संसार केले. इथली बाई भाड्याची खोली बघायला गेली तर भिंतीचा रंग बघत नाही. आधी विचारते, पाणी कितव्या दिवशी? टाकी केवढी? वागदर्डी धरण आटलं तर टँकर गल्लीत शिरतो का? तुझ्या आईने आताच्या घरमालकाला टाकीवरून अर्धा तास उभं केलं होतं. मी होते तिथे. तीन हजारांच्या खोलीसाठी अर्धा तास. आणि चाळीस लाखांच्या कॉलेजसाठी? नाशिकच्या एका हॉटेलातला हॉल, चहा-समोसा, पडद्यावर निळा समुद्र, आणि पाऊण तासात दोन लाख भरून मोकळे. किती प्रश्न विचारलेस तिथे? एक. "हॉस्टेलला वायफाय आहे का?" तुझ्या बाबांनीच सांगितलं मला, आणि सांगताना त्यांची मान खाली होती.

पावती काढ. वाच, मोठ्याने वाच. कुणाच्या नावाने आहे? कॉलेजच्या नावाने नाही. त्या एजंटाच्या ऑफिसच्या नावाने. कशाबद्दल? "सेवा शुल्क." फी नव्हे, सेवा शुल्क. खालची बारीक ओळ वाच. "कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही." बारावीला तुला इंग्रजीत ब्याऐंशी होते. ही ओळ वाचायला किती मार्क लागतात?

तू ढ असतास तर मी एक शब्द बोलले नसते. पोराला कळलं नाही, फसला बिचारा, म्हणाले असते. पण तू तो मुलगा आहेस, अकरावीत हृदयाचा धडा चालू असताना ज्याने मला थांबवलं होतं. घाईत मी त्रिदली झडप डावीकडे काढली. साठ पोरांनी मुकाट उतरवून घेतली. हात एकाचाच वर आला. "बाई, ती उजवीकडे हवी ना?" पुसली मी, परत काढली. त्या संध्याकाळी घरी येऊन म्हणाले होते, हा पोरगा डॉक्टर होईल. तुझ्या मार्कांवरून नव्हते म्हणाले. समोर खुद्द बाई असताना चुकीला चूक म्हणायचं धाडस होतं, त्यावरून म्हणाले होते. तो हात कुठे गेला? हॉलमध्ये कोट घातलेला माणूस "शंभर टक्के एनएमसी मान्यताप्राप्त" म्हणाला, तेव्हा तो हात समोसा धरण्यात गुंतला होता का?

ऐक. राष्ट्रीय वैद्यक आयोग, तुझी ती एनएमसी, परदेशातल्या कॉलेजांना मान्यता देतच नाही. मान्यताप्राप्त परदेशी कॉलेजांची यादी त्यांनी काढलेली नाही. त्यांनी काढलेत ते नियम, आणि त्या नियमांत बसतं की नाही हे तपासायची जबाबदारी तुझी, तुझ्या बापाची. एजंटाची नाही. म्हणजे पत्रकावरची पहिलीच ओळ खोटी. दुसरी ओळ, "जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत." ती संघटना कुठल्याही मेडिकल कॉलेजला मान्यता देत नाही. तिसरी ओळ, "जागतिक मेडिकल कॉलेज निर्देशिकेत नाव." ती निर्देशिका स्वतःच सांगते, की आमच्याकडे नाव असणं म्हणजे दर्जाची हमी नव्हे. टेलिफोन डिरेक्टरीत नाव असलं म्हणून माणूस सज्जन ठरतो का? तीन ओळी, आणि तिन्हींत दम नाही. तपासायला किती वेळ लागला असता? रात्री दीडपर्यंत तू रील्स बघतोस, हे तुझ्या डोळ्यांखालीच लिहिलंय. त्यातली वीस मिनिटं पुरली असती.

हे घे. स्टेशन रोडवरून काढून आणलेत मी हे कागद. १८ नोव्हेंबर २०२१ ला निघालेले एनएमसीचे नियम, परदेशात शिकून इथे डॉक्टरकी करू पाहणाऱ्यांसाठीचे. फार पानं नाहीत. खुणा केल्यात लाल पेनने, तुझ्या वहीत करायचे तशाच. शिक्षण किमान चोपन्न महिने. इंग्रजीतून. त्यानंतर बारा महिन्यांची इंटर्नशिप, त्याच परदेशी संस्थेत. सगळं दहा वर्षांच्या आत. शेवटी भारतात परीक्षा आणि भारतात आणखी बारा महिने इंटर्नशिप. आता ही ओळ बघ, हिच्याखाली दोनदा रेघ मारलीय. सगळा अभ्यासक्रम, सगळं प्रशिक्षण, इंटर्नशिप, एकाच संस्थेत. त्या देशाबाहेर कुठलाही भाग नको. भारतातही नको, तिसऱ्या देशातही नको.

आता तुझं पत्रक उघड. पान चार, सोनेरी अक्षरं. "पहिली दोन वर्षं निसर्गरम्य बेटावर, पुढची वर्षं अमेरिकेतल्या नामवंत हॉस्पिटलांत." ज्या ओळीवर तुम्ही सगळे भाळलात ना, तीच ओळ तुला इथे डॉक्टर होऊ देणार नाही. एजंटाला हे माहीत नसेल? असेल. त्याला दोन लाख मिळालेत. तुला माहीत नव्हतं? तू विचारलं नाहीस. या दोहोंत मला राग कुणाचा यावा?

आणि अमेरिकेतच का पाठवतात, हा विचार कधी केलास? जीवशास्त्र शिकलास ना तू? मेडिकल कॉलेज कशाने होतं? इमारतीने? मायक्रोस्कोपने? पांढऱ्या कोटाने? रुग्णांनी होतं. खाटेवर पडलेला माणूस असतो, त्याचं पोट तू हाताने चाचपतोस, त्याला कुठे दुखतं ते त्याच्या कपाळावरच्या आठीवरून ओळखायला शिकतोस. ते माणूस समोर असल्याशिवाय येत नाही. डॉमिनिका नावाचा आख्खा देश आहे तिकडे, त्याची लोकसंख्या आपल्या मनमाडपेक्षा कमी. साबा नावाचं बेट आहे, सगळी मिळून दोनेक हजार माणसं. आपल्या एका गल्लीच्या लग्नाला याहून जास्त पानं उठतात. तिथेही मेडिकल कॉलेज आहे. रुग्ण कुठून आणणार? म्हणून पुस्तकी दोन वर्षं बेटावर आणि हाताने शिकायची वर्षं परक्या देशात. अमेरिकेतल्याच मुलांसाठी, अमेरिकेतच परत जाण्यासाठी बांधलेली ती व्यवस्था आहे. ग्रेनाडातलं सेंट जॉर्जेस १९७६ पासून आहे, तिथे शिकलेले कितीतरी अमेरिकेत डॉक्टर आहेत. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ते मनमाडच्या पोरासाठी बांधलेलं नाही, आणि तुझं तर ते सेंट जॉर्जेसही नाही.

अजून एक साधी गोष्ट विचार. त्या बेटावरची स्वतःची मुलं डॉक्टर व्हायला कुठे जातात? त्यांची वेस्ट इंडिज युनिव्हर्सिटी आहे, १९४८ पासून, जमैकात सुरू झालेली. ती मुलं तिथे जातात. गावचे लोक ज्या विहिरीचं पाणी पीत नाहीत, ते पाणी तू चाळीस लाखांना विकत घेतोयस. नियमातही लिहिलंय बघ. त्या देशाच्या नागरिकाला डॉक्टरकीचा जसा परवाना मिळतो, तसाच तुला तिथे मिळायला हवा. तरच इथे तुझी पदवी धरणार. परदेशी मुलांसाठीच काढलेल्या कॉलेजची पदवी त्या बेटावरच्या दवाखान्यात चालते का? विचारलंस कुणाला?

"नाशिकचं सरकारी कॉलेजही नवंच आहे की बाई." बघ, बोललासच मध्ये. हे तुझ्या मनातलं नाही, त्या एजंटाने पाठ करून घेतलेलं. हो, नवं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा सरकारी कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात नाशिक होतं, जालना होतं, वाशीम होतं. त्यांच्याही अडचणी असतील, शिक्षक कमी असतील. पण त्यांच्यामागे आरोग्य विद्यापीठाची परीक्षा आहे, एनएमसीची तपासणी आहे, आणि दारात रुग्ण आहेत. नांदगाव, येवला, चांदवड, सुरगाण्याहून माणसं येतात सिव्हिलला, व्हरांड्यात झोपतात. नवं असणं हा गुन्हा नाही. नव्याच्या मागे कोण उभं आहे, ते बघायचं असतं. तुझ्या कॉलेजमागे कोण उभं आहे? मालक कोण? शिकवणारे कोण? एकाचं नाव सांग. एकाचंच सांग. मी थांबते.

नाही ना सांगता येत.

मे २०२५ मध्ये एनएमसीने जाहीर सूचना काढली होती. बेलीझमधल्या तीन संस्था आणि उझबेकिस्तानात चिरचिकची एक शाखा, इथे जाऊ नका म्हणून. बेलीझ तुझ्या त्याच समुद्राच्या काठावर आहे. तू प्रवेश घेण्याच्या तीन महिने आधीची गोष्ट, पेपरात आली होती. तुझ्या बेटाचं नाव त्यात नाही म्हणतोस. पोलिसांच्या यादीत नाव नाही, एवढ्यावर तू जावई पसंत करतोयस.

आणि सगळं खरं धरलं, कॉलेज चांगलं धरलं, तरी कॉलेज राहील का तिथे? ज्यांच्याकडे पैसा होता, नाव होतं, त्यांची काय गत झाली ऐक. मॉन्टसेराट बेटावर एक कॉलेज होतं. १९९५ ला ज्वालामुखी जागा झाला, कॉलेज सेंट मार्टिनला हलवलं. २०१७ ला तिथे इर्मा वादळ आलं, पोरांना शिकायला इंग्लंडात न्यावं लागलं. त्याच महिन्यात मारिया वादळाने डॉमिनिकाचं कॉलेज मोडलं. मुलांचे वर्ग काही काळ चक्क जहाजावर भरले, मग अमेरिकेत टेनेसीला, आणि २०१९ मध्ये कॉलेजच बार्बाडोसला गेलं. त्यांनी मुलांना उचलून दुसरीकडे नेलं, कारण त्यांच्या मागे चार दशकांचा पैसा आणि नाव होतं. तुझं दोन की तीन वर्षांचं कॉलेज वादळात पडलं, तर तुला कोण उचलणार? कोट घातलेला तो माणूस? युक्रेनची पोरं आठव. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं, हजारो मुलं अर्धी पदवी घेऊन परत आली. इथल्या कॉलेजांत सामावून घ्या म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. मिळाला प्रवेश? नाही मिळाला. आणि ती जुनी, नाव असलेली विद्यापीठं होती. चूक पोरांची नव्हती, तरी वर्षं त्यांचीच गेली.

आता परीक्षेचं. परत आल्यावर द्यायची ती, एफएमजीई. तीनशे प्रश्न, दीडशे बरोबर आले की पास. नीटसारखे वजा मार्कही नाहीत. सोपी वाटते ना ऐकायला? जून २०२५ च्या सत्राचा निकाल बघ. शंभरातले एकोणीसही पास नाहीत. कधी वीस, कधी पंचवीस, फार तर तीसच्या आसपास, वर्षानुवर्षं हेच चाललंय. ही मुलं मठ्ठ नव्हती. यांच्याही घरी पेढे वाटले होते. कॉलेजवार निकालही छापलेले आहेत, कुठल्या कॉलेजची किती मुलं बसली, किती उतरली. जुन्या कॉलेजचा आकडा वाईट असला तरी दिसतो. तुझ्या कॉलेजच्या नावापुढे आकडाच नाही. एजंट म्हणाला, "आमच्याकडे नापास झालेला एकही नाही." खरं बोलला तो. पास झालेलाही नाही. आणि तू हसून मान डोलावलीस.

मी हे का जाणते, विचार. विचारलं नाहीस, तरी सांगते. काही वर्षांपूर्वी याच खुर्चीत एक जण बसला होता. तुझ्यासारखाच. अक्षर सुंदर, पाठांतर पक्कं. परदेशातल्या एका नव्या कॉलेजला निघाला होता, देश वेगळा, गोष्ट हीच. त्यानेही पेढे आणले होते. मी खाल्ले. डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, मोठा हो. एक प्रश्न विचारला नाही मी त्याला. मला काय त्यातलं कळतं, असं मनाशी म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. त्याचा फुललेला चेहरा मला पाडवेना. सहा वर्षांनी आला परत. परीक्षा दिली, गेली. परत दिली, गेली. चौथ्या वेळी पाच मार्कांनी गेली. आज तो एका खासगी दवाखान्यात रात्रपाळीला असतो. सलाईन लावतो, बीपी बघतो, पेशंट त्याला डॉक्टर म्हणतात. सही करायची वेळ आली की मोठ्या डॉक्टरांना फोन लावतो. बत्तीस वर्षांचा आहे. बाजारात मी दिसले की रस्ता ओलांडून पलीकडे जातो. मला चुकवतो तो. त्याने मला चुकवायला हवं का रे? तोंड तर मी लपवायला हवं. म्हणून तुझे पेढे मी खाणार नाही. तुला राग येऊ दे.

तू आनंदीबाई जोशींचं नाव घेतलंस आल्या आल्या. "त्याही बोटीने गेल्या होत्या बाई." गेल्या होत्या. १८८३ मध्ये. तेव्हा पेनसिल्व्हेनियातलं ते कॉलेज तेहेतीस वर्षं जुनं होतं, १८५० ला सुरू झालेलं, आणि तिथून बायका डॉक्टर होऊन बाहेर पडत होत्या. निघण्याआधी सेरामपूरला भरसभेत उभं राहून त्यांनी सांगितलं, मी अमेरिकेला का जाते, इथे का शिकत नाही, तिकडे कशी राहणार. अठराच्या उंबरठ्यावरची मुलगी. लोकांच्या प्रश्नांना तोंड देत बोलली. तू वीस वर्षांचा आहेस, आणि एकट्या माझ्यासमोर तुला सांगता येत नाही, की तू तिथे का चाललास.

मी सांगू? तू डॉक्टर व्हायला चालला नाहीस. तू पळतोयस. "किती पडले?" या प्रश्नापासून. नीटला २०२४ मध्ये चारशे दोन, २०२५ मध्ये दोनशे सत्त्याऐंशी. "२०२४ ला पेपर फुटला बाई. २०२५ ला फिजिक्स भयंकर होतं." दोन्ही खरं आहे. पेपर फुटला होता, फिजिक्स अवघड होतं. पण तुझं जीवशास्त्राचं पुस्तक कुणी फोडलं नव्हतं. ते कोरं होतं. मी बघितलंय. जूनमध्ये तुझ्या आईने ते रद्दीत द्यायला काढलं, मी चाळलं, वनस्पतिशास्त्राच्या अर्ध्या धड्यांवर पेन्सिलची रेघ नाही. वीस सराव परीक्षांपैकी पाच दिल्यास. बाकीच्या का नाही? "मार्क कमी आले की मूड जातो." मूड! तापमापक घ्यायचं नाही, कारण ताप दिसतो. उद्या रुग्णाचा रिपोर्ट वाईट आला तर मूड जाणार का तुझा?

आणि आता नवीन शब्द शिकलास, "क्वालिफाय". दोनशे सत्त्याऐंशी म्हणजे क्वालिफाय, परदेशात जायला पात्र. २०२५ ला खुल्या गटाची पात्रतेची रेघ एकशे चव्वेचाळीसला होती, सातशे वीसपैकी. शंभरात वीस. त्या रेघेच्या वर आहेस म्हणून तू मेडिकलला तयार आहेस असं कुणी सांगितलं? एजंटाने. ज्याला अजून तीन लाख यायचेत त्याने. शाळेत तुला शंभरात वीस पडले असते तर मी तुझ्या वडिलांना बोलावून घेतलं असतं.

वडिलांवरून आठवलं. त्यांना समोर धरू नकोस. "बाबांनी पैसे भरले, आता माघार कशी घेऊ?" ही ढाल खाली ठेव. एकतीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात पुलांचे गर्डर जोडले त्या माणसाने. रिव्हेटचं काम करताना एक कान गेला त्यांचा. डाव्या बाजूने बोललं की ऐकू येत नाही, तुला माहीत आहे. तो माणूस पीएफ काढतोय. मामांनी नांदगाव रस्त्याची दीड एकर बँकेत तारण ठेवायला काढलीय. त्यांना इंग्रजी नियम वाचता येत नाहीत. घरात इंग्रजी वाचता येणारा एकच आहे. तू. त्यांनी तुझ्या तोंडाकडे बघून सही केली. तू "सगळं नीट आहे बाबा" म्हणालास. वाचलं होतंस तू? न वाचता म्हणालास. पोरा, गर्डरची जोडणी न बघता "नीट आहे" म्हणाला असता तुझा बाप, तर गाडी नदीत गेली असती. एकतीस वर्षांत एकदाही म्हणाला नाही तो तसं. तू एका दुपारी म्हणालास.

दोन लाख गेले. जाऊ देत. दुखेल. दोन लाखांच्या मागे चाळीस घालायचे, कारण दोन आधीच गेलेत, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकलास? माझ्या नाही.

"लोक काय म्हणतील" हे तर बोलूच नकोस. लोक दोन दिवस म्हणतील. गणपतीत नवीन विषय मिळेल त्यांना. सहा वर्षांनी परत आल्यावर म्हणतील ते मात्र जन्मभर पुरेल.

जाऊच नकोस परदेशात, असं मी म्हणत नाही. जिथून मुलं शिकून आली, इथली परीक्षा उतरली, आज दवाखान्यात बसलीत, अशा जुन्या विद्यापीठात जा. पण त्यांच्यापैकी एकाशी तरी समोर बसून बोल. एजंटाने जोडून दिलेल्या "सिनियर"शी नको. त्या सिनियरला दर डोक्यामागे काय मिळतं ते आधी विचार. नाहीतर एक वर्ष आणखी बस, पण असं बस, की संध्याकाळी मला दिवसाचा हिशेब देता आला पाहिजे. मी घेईन. फुकट घेईन. नाहीतर बीएएमएस बघ, फिजिओथेरपी बघ, पशुवैद्यक बघ. येवल्या-चांदवडकडे गाय आजारी पडली तर शेतकरी रात्रीबेरात्री डॉक्टर शोधत फिरतो. ते तुला खालचं वाटतं, हो ना? खालचं-वरचं ठरवायला आधी कुठेतरी उभं राहावं लागतं. तू सध्या कुठेच उभा नाहीस.

ही वही घे. दोनशे पानी आहे, कोरी. यात आजच लिहायचं. कॉलेजचं कायदेशीर नाव आणि सुरू झाल्याची तारीख. तिथल्या सरकारच्या वैद्यक परिषदेला तू स्वतः ईमेल करायचा, या कॉलेजच्या पदवीवर तुमच्या नागरिकाला तुम्ही परवाना देता का म्हणून. उत्तर छापून वहीत चिकटवायचं. उत्तर आलं नाही तर "उत्तर आलं नाही" असं मोठ्या अक्षरात लिहायचं. हॉस्पिटलचं नाव, खाटा किती, बेटापासून किती लांब. चोपन्न महिने कसे भरतात, महिन्यानिशी. इंटर्नशिप कुठे, लेखी. फी कॉलेजच्या बँक खात्यात जाते का, खातं कुणाच्या नावावर. एजंटाच्या तोंडचं एकही वाक्य वहीत नको. कागद हवा. आणि शेवटच्या पानावर एक परिच्छेद, मला डॉक्टर का व्हायचंय. "लहानपणापासून स्वप्न आहे" असं लिहिलंस तर पान फाडीन.

डोळे पूस. रडायला बोलावलं नाही तुला. रुमाल नाही? हा घे.

आज गुरुवार आहे. रविवारी सकाळी सहाला ये. बाबांना घेऊन ये, आणि त्यांना माझ्या डाव्या हाताला बसव, म्हणजे त्यांच्या चांगल्या कानाकडून बोलता येईल. तुला दाखवायची असेल ती वही त्यांच्या समोर दाखव, आणि मराठीत समजावून सांग. प्रत्येक ओळ. त्यांनी विचारलं, "म्हणजे काय रे?" तर पुन्हा सांग. त्या दिवशी नळाला पाणी यायचंय, मी पाचपासून जागीच असते. हंडे भरायला दोन हात लागतील, ते तुझे.

आणि पेढे विसरतोयस. घेऊन जा. आईला म्हणावं, बाई नंतर खाणार आहेत.